कागद तिथंच ठेवा, कपाट तेवढं नवं घ्या

सगळ्यात आधी अभिनंदन. ज्या मीटिंगला तुम्ही नव्हता त्याच मीटिंगमध्ये तुमचं नाव सुचवलं गेलं असणार, आणि आता तुम्ही कंपनीच्या डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टिमच्या आधुनिकीकरणाचे प्रमुख आहात. घाबरू नका. मी अंधेरी पूर्वेला एका औषध कंपनीच्या डॉक सेलमध्ये अकरा वर्षं काढलीत, त्यात अशी तीन आधुनिकीकरणं पाहिली, तिन्ही यशस्वी झाली, तिन्हींचे केक कापले, आणि तिसऱ्या केकनंतरही बॅलन्सच्या (लॅबमधल्या वजनकाट्याच्या) प्रिंटआउटची झेरॉक्स काढायला मलाच खाली पाठवायचे. तेव्हा अनुभवाचं ऐका.

पहिलं म्हणजे सॉफ्टवेअर आधी घ्या, ते कशाला हवंय ते नंतर ठरवा. उलटं केलंत तर लॅबमध्ये जावं लागेल, अ‍ॅनालिस्टच्या मागे उभं राहून तो काय करतो ते बघावं लागेल, आणि मग दिसेल की तो वजन आधी एका चिटोऱ्यावर लिहितो, चिटोरं अ‍ॅप्रनच्या खिशात टाकतो आणि संध्याकाळी पाचनंतर सगळं एकदम सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतो. हे दिसलं की तुमच्या प्रोजेक्टचा विषयच बदलतो, म्हणून बघूच नका. त्यापेक्षा बीकेसीच्या हॉटेलात व्हेंडरचा डेमो ठेवा. डेमोत सर्च मारला की अर्ध्या सेकंदात फाइल येते, कारण त्याच्या डेमोत बाराच फाइली असतात आणि बाराच्या बारांना नावं त्यानेच दिलेली असतात. तुमच्या ड्राइव्हवर 'प्रोटोकॉल_सरांनी_पाहिलेला', 'प्रोटोकॉल_सरांनी_परत_पाहिलेला' आणि 'हाच_घ्या_बाकीचे_डिलीट' अशी कुटुंबंच्या कुटुंबं नांदतायत हे त्याला तिथं सांगू नका, पनीर टिक्का थंड होतो.

बजेटची काळजी नको. २०१३ मध्ये एका मोठ्या भारतीय औषध कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, ती एक स्लाइड टाका, बस. डायरेक्टर लोक पाठ सरळ करून बसतात. तिथं सॉफ्टवेअर जुनं होतं म्हणून ते झालं की माणसांनी खोटं लिहिलं म्हणून झालं, हे आजपर्यंत एकाही मीटिंगमध्ये कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

प्रोजेक्टला संस्कृत नाव द्या आणि शेवटी एआय चिकटवा.

खरेदी झाली की युजर रिक्वायरमेंट लिहायला घ्या, म्हणजे सॉफ्टवेअर जे जे करतं ते सगळं आम्हाला आधीपासून हवंच होतं असं लिहायचं. सोपं जातं, व्हेंडरचं ब्रोशर समोर ठेवलं की दोन दिवसांत होतं. मग व्हॅलिडेशन, म्हणजे सिस्टिम नीट चालते याचा लेखी पुरावा. आयक्यू, ओक्यू, पीक्यू (नीट बसवली, नीट चालते, रोजच्या कामातही चालते) अशी तीन बाडं तयार करायची, त्यात 'अपेक्षित निकाल' या रकान्यात 'सिस्टिम अपेक्षेप्रमाणे चालावी' आणि 'प्रत्यक्ष निकाल' या रकान्यात 'सिस्टिम अपेक्षेप्रमाणे चालली' असं शंभर पानं लिहायचं. ही बाडं प्रिंट काढून, सह्या करून, स्पायरल करून कपाटात ठेवायची. पेपरलेस सिस्टिमची पहिली तीन कपाटं अशीच भरतात.

मध्येच कोणीतरी शहाणं (बहुतेक नवीन लागलेली मुलगी असते, माटुंग्याच्या कॉलेजातून थेट आलेली) विचारेल की पार्ट ११ चं काय. तिला म्हणा, नवीन नियम आहे, अजून सगळ्यांनाच समजतोय. इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांबद्दलचा अमेरिकेचा हा नियम १९९७ चा आहे, म्हणजे त्या मुलीपेक्षा मोठा, पण आपल्याकडे तो दर ऑडिटच्या आदल्या आठवड्यात नव्यानेच जन्माला येतो. त्यात लिहिलंय तरी काय, तर कुणी बदल केला, कधी केला, ते कॉम्प्युटरने स्वतः नोंदवायचं, आधीची नोंद झाकायची नाही, आणि एका माणसाची इलेक्ट्रॉनिक सही दुसऱ्याने वापरायची नाही. कागदावर हे आपल्याला येत होतं हो. चूक झाली की एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, कारण. व्हाइटनर लॅबच्या दारातूनसुद्धा आत यायचं नाही. ट्रेनिंगला अल्कोआ अल्कोआ (पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) म्हणून पाढे पाठ करून घ्यायचे, कुणी केलं ते कळावं, वाचता यावं, काम करतानाच लिहिलेलं असावं, मूळ असावं, बरोबर असावं. या पाचातलं 'काम करतानाच' हे चिटोऱ्याच्या आड येतं, म्हणून तेवढं पाठ करताना जरा पुटपुटायचं.

आता सहीचं. वर्कफ्लोमध्ये नऊ जणांची मंजुरी ठेवा, सातवर कुणाचा तरी इगो दुखावतो. नऊतला एक तरी गणपतीला सावंतवाडीला गेलेला असणारच, आणि घरी रेंज येते फक्त विहिरीच्या कठड्यावर. बॉस्टनच्या पार्टनरला प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाचा लेखी आराखडा, आज हवाय. मग तो विहिरीवरून फोन करून पासवर्ड सांगतो, शेजारच्या टेबलवाला सही मारतो, आणि ऑडिट ट्रेलमध्ये अगदी सेकंदासकट नोंद होते की साहेबांनी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी अंधेरीत बसून कागद वाचला, समजून घेतला आणि मंजूर केला. त्या वेळी साहेब आरतीत होते. पूर्वी खोटी सही करायला निदान अक्षर काढता यावं लागायचं.

बॉस्टनवरून आठवलं. संशोधन आता एकट्याने होत नाही, इकडे आपण, तिकडे अमेरिकेतला स्पॉन्सर, मध्ये हैदराबादची सीआरओ (कंत्राटावर ट्रायल चालवून देणारी कंपनी), परळचं हॉस्पिटल, असे चौघं एकाच फाइलवर बसतात. इथं तारखेचा घोळ मुद्दाम राखून ठेवा, फार उपयोगी पडतो. ०३/०४ म्हणजे आपला ३ एप्रिल आणि त्यांचा ४ मार्च, म्हणूनच लॅबमध्ये महिना अक्षरात लिहायची जुनी पद्धत आहे, तर नव्या सिस्टिममध्ये फक्त आकडे घेणारा रकाना ठेवा. शिवाय बॉस्टनवाल्याने ३ एप्रिलला रात्री आठ वाजता सही केली की आपल्याकडे ४ तारखेची पहाट झालेली असते, साडेपाचची. आणि सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर लावलात तर सोन्याहून पिवळं, कारण आपल्या नाइट शिफ्टवाल्याने पहाटे साडेपाचच्या आत केलेली प्रत्येक सही आदल्या दिवसाची दिसते, म्हणजे ट्रेनिंग व्हायच्या आधीच काम केलेलं दिसतं, म्हणजे डेव्हिएशन (ठरलेली पद्धत मोडल्याची नोंद), म्हणजे त्याची चौकशी, म्हणजे त्याचा रिपोर्ट, त्यावर परत नऊ सह्या. एकदा आम्ही असा दीड महिना काढलाय, शेवटी निष्कर्ष काय तर घड्याळ.

हॉस्पिटलची एथिक्स कमिटी हा वेगळा आनंद आहे. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान सात सदस्य लागतात, म्हणजे किमान सात स्पायरल संच, कारण त्यातल्या ज्येष्ठ मंडळींना स्क्रीनवर वाचलेलं वाचल्यासारखं वाटत नाही (खरं सांगायचं तर मलाही नाही वाटत). आणि त्याच नियमांत असंही आहे की नवीन रेणूच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातला सहभागी असेल तर संमती घेतानाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं. म्हणजे अर्ध्या तासाचा व्हिडिओ. आता तुमच्या नव्याकोऱ्या सिस्टिमची अपलोड मर्यादा २५ एमबी ठेवली असेल तर तो व्हिडिओ कुठं जाईल? पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह कुठं जाईल? कोऑर्डिनेटरच्या पर्समध्ये, डब्याशेजारी, संध्याकाळच्या बदलापूर लोकलने. गोपनीयता म्हणाल तर त्या गर्दीत पर्स उघडायला हात हलवायला जागा नसते, इतकी कडक सुरक्षा तुमच्या क्लाउडलाही जमणार नाही.

जुने कागद नव्या सिस्टिममध्ये न्यायचं काम कंत्राटी मुलांना द्या, पानामागे पैसे ठरवून. मग ते मागची कोरी पानंसुद्धा स्कॅन करतात. बॅलन्सच्या त्या बसच्या तिकिटासारख्या थर्मल कागदाचं लिखाण दोन-चार पावसाळ्यांत उडतं, म्हणून तर तेव्हाच झेरॉक्स काढून सही करून जोडायची असते. जिथं जोडायची राहिली तिथं आता उच्च दर्जाचा, सर्चेबल, बॅकअप घेतलेला पांढरा कागद मिळेल. आणि जे सापडतच नाही त्याला २६ जुलै म्हणा. २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता, मुंबईत कुणीही त्यावर प्रश्न विचारत नाही. आमच्याकडे २००९ ची एक फाइलसुद्धा त्या पुरात वाहून गेल्याचं रजिस्टरात आहे.

आता एक गोष्ट, पण ही किकऑफच्या दिवशी अजिबात सांगायची नाही. परळला हाफकिन इन्स्टिट्यूटचा बोर्ड तुम्ही पाहिला असेल. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला, एकोणीसच्या एकोणीस गेले. बाटलीला नंबर होता, ५३ एन. बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेली माणसं बरी होती. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर, हाफकिनना पद सोडावं लागलं. नंतर चौकशीचे कागद जाणत्या लोकांनी परत वाचले, तर त्यात होतं की गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. संगणक नाही, बारकोड नाही, एक नंबर आणि 'चिमटा पडला' एवढं एक वाक्य, तेही कुणीतरी बोललं आणि कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

ही गोष्ट का नाही सांगायची, तर ती नवीन मुलगी लगेच हात वर करेल आणि विचारेल की सर, आपल्या सिस्टिममध्ये चिमटा पडला तर कुठं लिहायचं? आणि तुम्हाला ड्रॉपडाउन उघडून दाखवावा लागेल. त्यात 'उपकरण बिघाड' आहे, 'मानवी चूक' आहे, 'वीज गेली' आहे, चिमटा नाही. मग 'इतर' निवडायचं. 'इतर' निवडलं की चिमट्याचा आयडी नंबर बंधनकारक. चिमट्याला आयडी नसतो. आयडीसाठी वेगळी रिक्वेस्ट, त्यावर मॅनेजरची मंजुरी, मॅनेजरला ईमेल, आणि ईमेलसोबत आपोआप उघडलेलं डेव्हिएशन, ज्याची संख्या दर महिन्याला लाल रंगात साहेबांच्या स्क्रीनवर येते आणि अप्रेझलला दिसते. ज्याच्या हातून चिमटा पडला त्या पोराच्या डोक्यातून एवढं सगळं अडीच सेकंदांत जातं. तो इकडेतिकडे बघतो, चिमटा उचलतो, अ‍ॅप्रनला पुसतो. तुमचा महिन्याचा आलेख हिरवा राहतो.

गो-लाइव्हला रांगोळी काढा, फुगे लावा, जुन्या कपाटांचा फोटो काढून 'निरोप' म्हणून ग्रुपवर टाका. कपाटं मात्र भंगारात देऊ नका, आत व्हॅलिडेशनची बाडं आहेत.

मग केव्हातरी परदेशी तपासनीस येतीलच. कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या स्क्रीनवर डॅशबोर्ड लावून ठेवा, काजू-बिस्किटं ठेवा. एकच अडचण आहे, ही माणसं स्क्रीनकडे फार बघत नाहीत. ती कचऱ्याच्या डब्यात बघतात. गंमत नाही करत, कचऱ्याच्या पिशव्यांमध्ये फाडलेल्या नोंदी सापडल्याचं अमेरिकन एफडीएने आपल्याकडच्या कारखान्यांबद्दल लेखी दिलेलं आहे. तर ते लॅबमध्ये जातील, बॅलन्सशेजारच्या डब्याशी वाकतील, हातमोजा घालून एक चुरगळलेलं चिटोरं काढतील, ते टेबलावर तळहाताने सपाट करतील. त्यावर निळ्या पेनाने चार वजनं लिहिलेली असतील, त्यातली दोन खोडलेली. मग ते शांतपणे विचारतील, हे तुमच्या सिस्टिममध्ये कुठं आहे?

तुम्ही आयटीवाल्याकडे बघा. आयटीवाला व्हेंडरकडे बघेल, व्हेंडर मोबाइलमध्ये बघेल. तेवढ्यात स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चिन्ह आलं तर देव पावला म्हणायचं, तिकडे बोट दाखवा आणि सांगा, अपलोड होतंय सर.