‘नाव कशाला बघता, विचार बघा’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तीनदा आला. थोडक्यात असा, की सुविचाराखाली कोणाचं नाव आहे ते तपासत बसू नका, विचार चांगला असला की झालं, मोठं नाव असलं तर लोक वाचतात तरी, चुकीचं नाव पडलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही, संतांनी तरी कुठे श्रेय मागितलं होतं, आणि तपासायला वेळ कोणाला आहे. मला यातलं काहीच पटलेलं नाही. आणि मला सुविचारांचा राग आहे असंही नाही, शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं तेव्हापासून वाक्यं जमवायचा नाद आहे, वह्याच्या वह्या भरल्यात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

आधी ते ‘विचार महत्त्वाचा, नाव नाही’.

माझ्या आत्याकडे देवघराशेजारी गीतासाराची फ्रेम आहे, तुमच्याही ओळखीत कोणाकडे तरी असेलच, रथ, कृष्ण, अर्जुन आणि बाजूला ‘जे झालं ते चांगलंच झालं, जे होतंय ते चांगलंच होतंय, तू काय आणलं होतंस जे गमावलंस’. आतोबा गेले तेव्हा बाराव्याला आलेल्या एकांनी आत्याला समोर बसवून तेच वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. आत्या रोज पंधरावा अध्याय म्हणते, त्यामुळे गीता तिला अगदीच परकी नाही. सगळे पाहुणे गेल्यावर तिने मला विचारलं, ‘हे कुठल्या अध्यायात आहे गं?’ मलाही माहीत नव्हतं. मग आम्ही दोघी दोन रात्री पुस्तक घेऊन बसलो, अठरा अध्याय, ७०० श्लोक, अर्थासकट, आणि ‘जे झालं ते चांगलंच झालं’ असं सांगणारा एकही श्लोक त्यात नाही. त्याच्या जवळपासचं सापडलं ते दुसऱ्या अध्यायात, २७वा श्लोक, जन्मलेल्याला मरण ठरलेलं आणि मेलेल्याला जन्म ठरलेला, म्हणून जे टाळता येत नाही त्याचा शोक करणं तुला योग्य नाही. ‘अपरिहार्य’ असा शब्द आहे तिथे, ‘चांगलं’ असा नाही. आत्या म्हणाली, ‘टाळता आलं नसतं हे मी मानीन, पण चांगलं झालं हे नाही मानणार.’

आता सांगा, विचार तोच राहिला का? फ्रेम म्हणते जे झालं त्याला चांगलं म्हण आणि गप्प बस, आणि अठराव्या अध्यायात कृष्ण सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतो ‘यथेच्छसि तथा कुरु’, पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. हे केवढं मोठं वाक्य आहे, आणि ते आपल्या भिंतींवर कुठेच नाही कारण ती जागा भलत्याच वाक्याने घेतलीय. गीतेचं नाव खाली नसतं तर त्या दिवशी ते वाक्य कोणी आत्यासमोर वाचलंही नसतं, तिनेही मुकाट्याने ऐकून घेतलं नसतं.

दुसरा मुद्दा, ‘मोठं नाव असलं की लोक वाचतात’. बँकेत गेलात की काउंटरमागच्या भिंतीवर बघा, बऱ्याच ठिकाणी गांधीजींचा फोटो आणि ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वात महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत’. हे गांधीजींनी १८९० साली दक्षिण आफ्रिकेतल्या भाषणात म्हटलं असंही सांगतात. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये वकिलीचं शिक्षण घेत होते हो, वय एकवीस. दक्षिण आफ्रिकेत ते गेले १८९३ला! म्हणजे साधी दोन सालं शेजारी ठेवली तरी पाटी खाली येते. ज्या माणसाने पाहुणा, गिऱ्हाईक, नफा असल्या गोष्टींच्या पलीकडे आयुष्य घालवलं त्याला आपण ग्राहकसेवेचा अधिकारी करून टाकला.

तसंच ‘जगात जो बदल पाहायचाय तो तुम्ही स्वतः व्हा’. हे शब्द त्यांच्या लेखनात सापडत नाहीत. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी जे लिहिलंय त्याचा आशय असा, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील, माणूस आपला स्वभाव बदलतो तशी जगाची त्याच्याकडे बघायची दृष्टीही बदलते. त्यात ‘तर’ आहे, त्यांचं ते नेहमीचं जपून बोलणं आहे. टीशर्टवर छापताना ते सगळं गळून गेलं.

तिसरा, ‘कोणाचं काही बिघडत नाही’. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. ‘तुमचं मत मला मान्य नाही पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे व्हॉल्टेअरचं म्हणून आपण वादविवाद स्पर्धेत ठोकून देतो, ते लिहिलंय इव्हलिन बीट्रिस हॉल नावाच्या इंग्रज बाईंनी, व्हॉल्टेअरवरच्या पुस्तकात, १९०६ साली, तेही टोपणनावाने. व्हॉल्टेअर १७७८ला वारला. त्याची वृत्ती सांगायला त्यांनी ते वाक्य रचलं, वाक्य जगभर गेलं आणि बाई मागेच राहिल्या.

आणि आपल्याकडे बघा, बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, घरात शेतात काम करता करता गात होत्या, मुलाने सोपानदेवांनी आणि एका नातेवाइकाने ते कागदावर उतरवलं, बाई गेल्या १९५१ला आणि सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली म्हणून १९५२ला पुस्तक आलं. ‘आधी हाताला चटके तेव्हा मिळते भाकर’ हे रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं आहे हे आज आपल्याला माहीत आहे ते एवढ्याच एका धाग्यामुळे. तो तुटला असता तर ‘लोकगीत’ म्हणून गेलं असतं, नाहीतर आजच्या पद्धतीने खाली लेखक वपु काळ्यांचं नाव. वपुंच्या नावावर तर काय काय येतं, लास्ट सीनवरचं तत्त्वज्ञानसुद्धा त्यांच्या नावाने आलंय मला, वपु गेले २००१ला, व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं २००९ला. ते वाक्य ज्या कोणी पोराने पोरीने मनापासून लिहिलं असेल त्याचं गेलंच ना नाव.

‘संतांनी कुठे श्रेय मागितलं’ म्हणणाऱ्यांनी गाथा उघडून बघावी. तुकोबांच्या काळातच सालोमालो नावाचा एक जण दुसऱ्यांचे अभंग आपले म्हणून खपवत होता आणि तुकोबांनी ते सोडून दिलं नाही, सरळ नाव घेऊन अभंग लिहिला, ‘मोडूनि संतांची वचनें, करिती आपणां भूषणें’. ‘म्हणती एकाचें आपुलें’ हेही त्यातच आहे, एकाचं ते आपलं म्हणतात. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली या तक्रारीला. हे मोठेपणासाठी नव्हतं, माझ्या मते शब्दाची जबाबदारी होती ती. नामा म्हणे, जनी म्हणे, तुका म्हणे, हे शेवटी उगाच येत नाही, म्हणणारा समोर उभा राहतो. आणि चोखोबांचं तर नावच ओळीत आहे, आधी ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’, ऊस वाकडा पण रस वाकडा नाही, आणि शेवटी ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’. चोखा काढा त्यातून आणि फक्त ऊस ठेवा, छान उपमा उरते, कॅलेंडरवर छापण्यासारखी. ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही तो माणूस हे म्हणतोय, हे कळलं की मात्र घशात काहीतरी अडकतं.

राहिला वेळेचा प्रश्न. साल बघायला दोन मिनिटं लागतात. गांधीजींचं लेखन शंभर खंडांत आहे आणि ऑनलाइन शोधता येतं, बाबासाहेबांचे खंड महाराष्ट्र शासनाने काढलेत, तुकोबांची गाथा फोनवर शोधता येते. खाली ‘तुका म्हणे’ आहे पण अभंगाचा छंद लागत नाही, शब्द आजचे आहेत, तर थांबा आणि गाथेत बघा. नाही सापडलं तर नाव घालू नका, बस, वाक्य आवडलं असेल तर तसंच पाठवा.

हा मेसेज ज्या मामांनी ग्रुपवर टाकला होता त्यांच्याशी मी हे सगळं फोनवर बोलले, बराच वेळ, ते चिडलेही थोडे. परवा त्यांनी पावसावरच्या चार ओळी टाकल्या आणि खाली लिहिलं, ‘कोणाचं ते माहीत नाही, मला आवडलं’. लोकांनी वाचलं, नेहमीइतकेच अंगठे आले, आणि आत्याने विचारलं की पुढच्या ओळी आहेत का.