मीठ कमी आहे

तळमजल्यावरच्या काकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या कागदाचा कोपरा मोडून तोंडात टाकला, याला आता आठवडा होईल. राग अजून उतरलेला नाही.

कागद मी स्वतः केला होता. मुलाच्या जुन्या वह्या आणि बँकेची पाकिटं फाडून रात्रभर भिजवली आणि मिक्सरमधून लगदा काढला. (मिक्सरवरून घरात जे बोलणं झालं ते इथे नको.) टबभर पाण्यात तो कालवून जाळीच्या चौकटीने एकेक ताव उचलला, जुन्या धोतराच्या तुकड्यांवर उलटा केला. वाळले की दुमडून, दाभणाने भोकं पाडून, शिवून रोजनिशी बांधायची होती.

काकू वर आल्या त्या चष्मा घरी ठेवून.

"तांदळाच्या का साबुदाण्याच्या?"

"काकू, कागद आहेत."

"हो रे, झाल्यात खऱ्या पातळ. पुरुषमाणसाच्या हाताला इतकं जमत नाही." आणि कट्‌कन कोपरा मोडला. मी "अहो" म्हणेपर्यंत चावणं सुरू झालं होतं. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून त्यांनी चव घेतली. "मीठ कमी आहे. पापडखार घातलाच नाहीस ना?"

मुलाची सहावीची भूगोलाची वही, निदान तिचा थोडा पठारी भाग, काकूंच्या पोटात गेला होता.

मी नीट समजावून सांगितलं. ओशाळतील असं वाटलं होतं. छे! उलट चौकशीच सुरू झाली. "कागद? घरी? कोपऱ्यावरच्या दुकानात संप आहे का?"

मग माझाही पारा चढला. म्हटलं, काकू, आपल्याकडे ही मोठी परंपरा आहे. जुन्नरचा कागद नावाजलेला होता. आपल्या पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे, दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. हातकागदाची संस्था पुण्यात 1940 साली निघाली. पेशवाईतले हिशेब काय गिरणीच्या कागदावर लिहिले?

"तेव्हा लाँगबुक मिळत नव्हतं ना," काकू म्हणाल्या.

यावर काय बोलणार! बोलता बोलता त्यांनी सगळे ताव माझ्या परवानगीशिवाय उलटे केले, कडांवर विटांचे तुकडे ठेवले. "नाहीतर वळतील. आणि खळ घातलीस का? नाहीतर शाई फुटेल." सगळं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं. आयुष्यभर पापड आणि कांजीच्या साड्या केलेल्या बाईला कागदातलं माझ्याहून जास्त कळतं, आणि तिला कागदच नकोय.

खरं सांगतो, मला त्या "कशाला?"चा कंटाळा आलाय. चकल्या विकत मिळतात तरी दिवाळीत घरोघरी तळतातच ना? तिथे कुणी विचारत नाही. प्रदर्शनात वाळकी फुलं चिकटवलेली अशीच वही अव्वाच्या सव्वा किमतीला मांडली की हीच मंडळी "किती सुंदर!" म्हणत भेट द्यायला घेतात. घरी केली की ती रद्दी.

रद्दी हा शब्द माझा नाही. परवा लिफ्टशेजारी छापील नोटीस लागली: "गच्चीवर रद्दी वाळत घालू नये." त्याच गच्चीवर एका सभासदाचा मोडका कूलर आहे. कुणीतरी नवं बसवताना काढून ठेवलेला कमोडही आहे. त्यात आता तुळस नव्हे, पण काहीतरी उगवलंय. त्यावर कधी नोटीस नाही. मेंटेनन्स मात्र मी वेळेवर भरतो.

तक्रार कुणी केली हे सेक्रेटरी सांगेना. शेवटी जिन्यात काकूच भेटल्या. मी रडगाणं सुरू करणार, तोच त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं त्याला. लहान पोरं खेळतात रे वर. एखाद्याने खाल्लं म्हणजे?"