सोळा तासांच्या वेळापत्रकाचा हिशेब

गेले काही महिने स्पर्धा परीक्षेच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर एक वेळापत्रक फिरते आहे. पहाटे चारला उठायचे, रात्री अकराला झोपायचे आणि मधल्या वेळात सोळा तास अभ्यास करायचा, असा त्याचा साचा आहे. त्याखाली काही विधाने ठासून मांडली आहेत. सोळा तासांपेक्षा कमी अभ्यास म्हणजे नुसता वेळकाढूपणा. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, मग तुम्हाला सोळा का जमू नयेत. नोकरी करत कोणी अधिकारी होत नाही. आधी संपूर्ण अभ्यासक्रम संपवावा, उजळणी आणि उत्तरलेखन नंतर पाहावे. वृत्तपत्राला रोज तीन तास द्यावेत. सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेतला आकलन, तर्क आणि गणिताचा पेपर, शेवटच्या आठवड्यात उरकावा. आणि वर्षभरात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये.

मी कळव्यातल्या एका अभ्यासिकेची संध्याकाळची देखरेख करतो. त्याआधी तुर्भ्याला नोकरी करत राज्यसेवेची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची, मुख्य परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा कटऑफच्या अलीकडेच राहिलो. त्यामुळे पुढचे लेखन यशस्वी उमेदवाराचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र या वेळापत्रकाच्या थोरल्या भावासारखे एक वेळापत्रक मी स्वतः साडेतीन महिने पाळले आहे आणि ते पाळणारी मुले रोज समोर बसलेली पाहतो, एवढ्या अधिकारावर त्यातील एकेक मुद्दा तपासतो आहे.

सोळा तासांपासून सुरुवात करू. पहाटे चार ते रात्री अकरा हे एकोणीस तास होतात. त्यातून सोळा वजा केले की अंघोळ, दोन वेळचे जेवण, कपडे धुणे, डबा आणणे आणि अभ्यासिकेत येणे-जाणे या सगळ्यासाठी तीन तास उरतात. चार-पाच मुले मिळून एका खोलीत राहणाऱ्याला सकाळी नळ आणि संडास मोकळा मिळेपर्यंतच त्यातला बराच वेळ जातो. झोप उरते पाच तास. प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून अधिक झोप हवी, हे वैद्यक सांगते, आणि दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. म्हणजे सकाळी भरलेली घागर रात्री आपल्याच हाताने पालथी करण्यातला हा प्रकार आहे.

तरीही कोणी म्हणेल की निश्चय असेल तर होते. आमच्याकडे ऐरोलीहून येणारा एक मुलगा अगदी हेच म्हणत असे. सकाळी सातला तो खुर्चीवर बसायचा आणि रात्री अकराला उठायचा. एकदा त्याच्याच संमतीने आम्ही त्याच्या वहीच्या मागच्या पानावर 'बसलो' आणि 'उठलो' असे दोन रकाने आखले आणि खुर्ची सुटली किंवा मोबाइल हातात घेतला की भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ लिहायची असे ठरवले. (मोबाइल माझ्या टेबलाच्या खणात ठेवायला तो तयार झाला नाही, ही नोंदही त्याच पानावर आहे.) रात्री बेरीज केली तेव्हा सोळा तासांच्या बैठकीत प्रत्यक्ष वाचन निघाले सहा तास चाळीस मिनिटे. शेवटच्या टप्प्यात त्याने पंचायतराजचे प्रकरण वाचले होते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला कोणती अनुसूची जोडली, एवढेच मी विचारले. अकरावी अनुसूची आणि तिच्यातले २९ विषय, हे वाक्य त्याने दोन रंगांनी अधोरेखित केले होते, तरी उत्तर आले नाही. मुलगा प्रामाणिक आहे, तो खोटे बोलत नव्हता. खुर्चीवर गेलेल्या वेळाला तो अभ्यास समजत होता, आणि ही समजूत त्याला याच वेळापत्रकाने दिली होती.

बाबासाहेबांचा दाखला देताना तरी लिहिणाऱ्याने थोडा विचार करायला हवा होता. १४ एप्रिलच्या सुमारास ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो आणि त्यात बसणाऱ्यांविषयी मला आदर आहे. मात्र ती एका दिवसाची मानवंदना असते, वर्षाचे वेळापत्रक नव्हे. शिवाय कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये बाबासाहेबांच्या अभ्यासातून प्रबंध उभे राहत होते. वाचलेले त्यांना स्वतःच्या शब्दांत, पुराव्यासह, परीक्षकांपुढे मांडायचे होते. या वेळापत्रकात मात्र लिहिण्यासाठी एक मिनिटही राखलेले नाही. दाखल्यातील तास उचलले आणि त्या तासांत काय घडत होते ते सोडून दिले.

हाच दाखला पुढच्या मुद्द्याच्याही मुळावर येतो. लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागल्यावर बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, त्यातून पैसे साठवले, काही रक्कम उसनी घेतली आणि मग पुन्हा लंडन गाठले. नोकरी आणि अभ्यास यांचे हाडवैर असते, तर हे उदाहरण घडलेच नसते.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. कळव्याहून तुर्भ्याला जायचे तर आधी उलटे ठाण्याला यावे लागते आणि तिथे नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरावी लागते. पुढची वीस-पंचवीस मिनिटे बसायला मिळाले तर मिळाले. (ज्या आयोगाच्या जाहिरातीकडे आम्ही डोळे लावून बसायचो, त्याचे कार्यालय याच मार्गावर पुढे बेलापूरला आहे, ही गंमत तेव्हा रोज आठवायची.) त्या प्रवासात नवे काही वाचता येत नाही, पण काल लिहिलेल्या टिपणाचे एक पान मनातल्या मनात म्हणून पाहता येते. सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड-दोन तास आणि ही येण्या-जाण्याची उजळणी धरली, तर कामाच्या दिवशी चार तास निघतात. शनिवार-रविवार आठ-आठ तास धरले, तर आठवड्याचे छत्तीस होतात. चाळीस आठवड्यांत हा आकडा १४४० वर जातो. ऐरोलीच्या मुलाचे सहा तास चाळीस मिनिटे आठवड्याचे सातही दिवस टिकले, असे मानले तरी ते सेहेचाळीस-सत्तेचाळीस होतात, म्हणजे नोकरी सोडून त्याने आठवड्याला दहा-अकरा तास जास्त मिळवले. तेवढ्यासाठी पगार सोडायचा का, हे ज्याने-त्याने घरची परिस्थिती पाहून ठरवावे. मुख्य परीक्षेआधी दोन-तीन महिने रजा मिळाली तर जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र परीक्षा सहा महिने लांबली की बिनपगारी मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते त्या सोळा तासांच्या वेळापत्रकाच्या लेखकाने पाहिलेले नसावे.

या वेळापत्रकातला सर्वांत घातक सल्ला 'आधी सगळे वाचा, मग उजळणी करा' हा आहे, आणि तो इतका शहाणपणाचा वाटतो की त्यावर कोणी शंकाच घेत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून एवढे ठाऊक आहे की नव्याने पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो आणि नंतरची घसरण मंद होते. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते आणि आपण राज्यघटना वाचतो, हा फरक मान्य केला, तरी जूनमध्ये वाचलेल्या प्राचीन इतिहासाची पहिली उजळणी जानेवारीत करणारा प्रत्यक्षात उजळणी करत नाही, तो पुस्तक नव्याने वाचतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर अभ्यासिकेच्या दारावर लावण्याजोगा आहे. त्यात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना आपल्याला सगळे येते असे वाटते, ते त्या पाच मिनिटांपुरते खरेही असते, आणि फसगत तिथेच होते.

उत्तरलेखनाचे गणित याहून कठोर आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न असतात. त्यांतील दहा प्रश्न दहा गुणांचे आणि दीडशे शब्दांचे, तर दहा प्रश्न पंधरा गुणांचे आणि अडीचशे शब्दांचे असतात. सगळे लिहायचे तर एका बैठकीत चार हजार शब्द होतात, आणि वेळ वाटली तर लहान प्रश्नाला सात मिनिटे आणि मोठ्याला अकरा मिनिटे मिळतात. प्रश्न वाचणे, त्यात 'चर्चा करा' म्हटले आहे की 'समीक्षा करा' हे पाहणे आणि मुद्दे मनात जुळवणे, हे सारे त्याच सात मिनिटांत करायचे असते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर गोल काळे करण्याची सवय लागलेल्या आमच्या पिढीच्या हाताला चौथ्या उत्तरापासून पेटके येतात, आणि हे मी अनुभवाने सांगतो. ही सवय शेवटच्या दोन महिन्यांत लावता येत नाही. पहिल्या महिन्यापासून दिवसाला एक उत्तर, तेही अर्धेकच्चे का होईना, घड्याळ लावून लिहिणे हाच त्यावरचा उपाय आहे. प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटून त्यावरचा आयोगाचा जुना प्रश्न घ्यावा आणि जे आठवेल ते लिहावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तेच प्रकरण पुन्हा असेच तपासावे. असे केले की पहिले वाचन रेंगाळते आणि अभ्यासक्रम 'संपल्याचे' समाधान फार उशिरा मिळते. ही किंमत आहे आणि ती मोजावी लागते.

वृत्तपत्राविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अभ्यासक्रमातील शीर्षके समोर ठेवून वाचले तर पाऊण तास पुरतो. तीन तास लागत असतील तर आपण निवडणुकीचे आणि क्रिकेटचे पानही अभ्यास म्हणून वाचतो आहोत, असे समजावे.

सीसॅटचा पेपर पूर्व परीक्षेत केवळ पात्रतेपुरता असतो, त्यात ३३ टक्के गुण पुरतात, म्हणून तो शेवटच्या आठवड्यावर ढकलण्याचा सल्ला दिला जातो. दोनशेपैकी ६६ गुण हा आकडा लहान दिसतो. पण ८० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट मिळते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. हे गुण मिळाले नाहीत तर सामान्य अध्ययनाचा पेपर कितीही चांगला गेला असला तरी तो गुणवत्तेसाठी धरलाच जात नाही. कला शाखेतून आलेल्या आणि दहावीनंतर गणिताला हात न लावलेल्या मुलाला आठवडा पुरणार नाही. त्याने रविवारी सकाळचे दोन तास वर्षभर त्यासाठी राखून ठेवावेत.

राहता राहिला खंड न पाडण्याचा मुद्दा. आमच्याकडच्या निम्म्या मुलांची घरे कोकणात आहेत आणि गणपतीला गावी न जाण्याची शपथ घेणारा एक तरी मुलगा दरवर्षी निघतोच. तो जात नाही, पण त्या पाच दिवसांत त्याचा अभ्यासही होत नाही, कारण अभ्यासिका रिकामी असते आणि घरून फोन येत राहतात. याहून मोठी अडचण परीक्षेच्या तारखांची आहे. राज्यसेवेची २०२४ ची पूर्व परीक्षा २८ एप्रिलला व्हायची होती. ती ढकलत ढकलत २५ ऑगस्टवर आली आणि अगदी तोंडावर पुन्हा पुढे जाऊन अखेर १ डिसेंबरला झाली. शेवटच्या एका ढकलीतच चौदा आठवडे गेले. २०२५ मध्ये २८ सप्टेंबरची परीक्षा अतिवृष्टी आणि पूरस्थितीमुळे ९ नोव्हेंबरवर गेली, म्हणजे आणखी सहा आठवडे. एकही दिवस मोकळा न ठेवता आखलेले वेळापत्रक अशा वेळी दोन्ही बाजूंनी मोडते. तारीख जवळ आली की मागे पडलेले भरून काढायला जागा नसते आणि तारीख लांबली की पुढे ओढायला बळ उरलेले नसते. म्हणून मी मुलांना परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत यायला सांगतो. शेवटचे सहा आठवडे फक्त उजळणी आणि सराव पेपर, त्याआधीचे महिने विषयवार, आणि प्रत्येक चौथा आठवडा कोरा. आजारपण, लग्नकार्य, गावची फेरी किंवा राहून गेलेले प्रकरण, यांतले जे येईल ते त्या कोऱ्या आठवड्यात घालायचे.

२०२५ च्या त्या सप्टेंबरात परीक्षा लांबल्याची बातमी आली, तेव्हा ऐरोलीचा मुलगा दोन दिवस अभ्यासिकेत फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, सीसॅटची जुनी प्रश्नपत्रिका काढली आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, दोन तास मोबाइल तुमच्या खणात ठेवता का?" सोळा तासांच्या वेळापत्रकाचा छापील कागद मात्र अजून त्याच्या टेबलावर काचेखाली आहे. मी तो काढायला सांगितलेले नाही.