साडेसातशे नाण्यांचे पोशन कोण पिणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वापरून संपणाऱ्या जादुई वस्तूंच्या किमतींवरचा माझा लेख वाचून आपण सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देणे आपल्या मेहनतीवर अन्याय करणारे ठरले असते, म्हणून वेळ घेऊन लिहीत आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, काल्पनिक पात्रे घेऊन टेबलावर फाशांनी खेळायच्या खेळाच्या साडेतीन आवृत्तीत (२००३) खेळणाऱ्या आमच्या गटात मी बरे करणाऱ्या पोशनांचे, म्हणजे पिण्याच्या जादुई औषधांचे, भाव बदलले. क्युअर लाइट वूंड्सचे, म्हणजे हलक्या जखमांचे, पोशन ५० सोन्याच्या नाण्यांनाच ठेवले, त्याहून वरच्या क्युअर मॉडरेटचे ३०० वरून १२० वर आणि त्याच्याही वरच्या क्युअर सीरियसचे ७५० वरून २०० वर आणले. यावर आपले तीन आक्षेप आहेत. पहिला, किंमत ही वस्तू बनवण्याच्या खर्चावरून ठरते, डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मर्जीवरून नव्हे. दुसरा, पोशन स्वस्त झाले की प्रत्येक चकमकीत चार-चार रिचवली जातील आणि मरणाची भीती उरणार नाही. तिसरा, खेळाडू पोशन जपून ठेवतात तो त्यांच्या स्वभावाचा दोष आहे, त्याचे खापर भावावर फोडू नये. शेवटी आपण एक प्रश्नही विचारला आहे, त्याकडे शेवटीच येतो.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे नियमच आपल्या विरुद्ध बोलतात. पोशनची किंमत म्हणजे मंत्राची पातळी गुणिले मंत्र टाकणाऱ्याची लेव्हल (अनुभवाने वाढणारा पात्राचा दर्जा) गुणिले ५०. स्क्रोलसाठी (मंत्र लिहिलेल्या, एकदाच चालणाऱ्या गुंडाळीसाठी) हाच गुणक २५ आहे, आणि पन्नास चार्जच्या, म्हणजे पन्नास वेळा चालणाऱ्या, वाँडसाठी (जादूच्या कांडीसाठी) ७५०. बनवण्याचा खर्च या बाजारभावाच्या निम्मा धरायचा आणि त्याखेरीज बाजारभावाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढे अनुभवाचे गुण सोडायचे, असे पुस्तक सांगते. म्हणजे ७५० च्या पोशनला ३७५ नाणी आणि ३० अनुभवगुण लागतात, ते त्याची किंमत ७५० ठरली आहे म्हणून. उद्या किंमत २०० केली तर खर्च आपोआप १०० नाणी आणि ८ गुण होईल, आणि पोशन बनवणाऱ्या क्लेरिकच्या (देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पात्राच्या) नफ्याचे प्रमाण तेच राहील. या खेळात खर्च किमतीच्या मागून येतो. खऱ्या बाजाराचा दाखला द्यायचा म्हटले तरी तो टिकत नाही : ज्या जगात बिगारी कामगाराची दिवसाची मजुरी चांदीचे एक नाणे आहे, तिथे सर्वांत साधे, ५० नाण्यांचे पोशन म्हणजे त्याची पाचशे दिवसांची कमाई. हे आकडे गावगाड्याचे अर्थशास्त्र मांडण्यासाठी लिहिलेलेच नाहीत. ते पात्रांच्या हाती किती ताकद कधी यावी, हे ठरवण्यासाठी लिहिलेले आहेत, आणि त्याच कसोटीवर त्यांना तपासायला हवे.

त्या कसोटीवर तपासले की या सूत्रातला दोष उघडा पडतो. मंत्राची पातळी वाढते तशी तो टाकायला लागणारी किमान लेव्हलही वाढते, आणि सूत्र या दोन्हींचा गुणाकार करते. मिळणारा फायदा मात्र गुणाकाराने वाढत नाही. लाइटचे पोशन सरासरी साडेपाच हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) परत देते, म्हणजे एका हिट पॉइंटला सुमारे ९ नाणी. मॉडरेटचे १२ देते, म्हणजे एका पॉइंटला २५ नाणी. सीरियसचे साडेअठरा देते, म्हणजे एका पॉइंटला ४० हून अधिक. थोडा महागपणा मलाही मान्य आहे, कारण एकाच दमात अधिक बरे होण्याला चकमकीत मोल आहे. पण साडेचारपट? हे दुखणे एका आवृत्तीपुरते नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे साधे हीलिंग पोशन ५० नाण्यांचे आहे आणि सरासरी ७ हिट पॉइंट देते. सर्वांत वरचे, सुप्रीम हीलिंग, २०,००० नाण्यांचे आहे आणि सरासरी ४५ देते. किंमत चारशेपट, फायदा साडेसहापट.

आता दुसऱ्या, माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतो. पोशनांचा पूर येईल, ही आपली भीती रास्त आहे की नाही, हे साडेतीन आवृत्तीच्या नियमांतल्या आकड्यांवरूनच पडताळता येते. पाचव्या लेव्हलच्या पात्राजवळ एकूण ९,००० नाण्यांची मालमत्ता असावी असे तक्ता सांगतो, आणि सहाव्या लेव्हलला १३,००० ची. मधल्या लेव्हलमध्ये सुमारे तेरा चकमकी होतात. पाचव्या पातळीच्या एका चकमकीतून सरासरी १,६०० नाण्यांचा खजिना मिळतो, जो चौघांत वाटला जातो. हिशेब केला तर एका पात्राच्या वाट्याला सुमारे ५,३०० येतात आणि मालमत्ता वाढते ४,००० ने. मधले १,३०० कुठे जायचे? पोशन, स्क्रोल, विषावरचे उतारे, जुनी तलवार निम्म्या भावात विकताना बसणारी खोट, हे सगळे याच रकमेतून भागते. म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी माणशी, दर चकमकीमागे, जेमतेम शंभर नाणी. ७५० च्या भावाने एका लेव्हलमध्ये सीरियसची दोन पोशनेही बसत नाहीत. २०० च्या भावाने सहा बसतात, म्हणजे सर्व पैसा त्यातच घातला तर दोन चकमकींमागे एक. याला पूर म्हणता येणार नाही. चार-चार पोशने रिचवणारा गट पुढच्या लेव्हलला इतरांपेक्षा दुबळ्या शस्त्रांनिशी पोचेल, आणि ही शिक्षा पुरेशी आहे.

शिवाय चकमकीत पोशनावरचा खरा लगाम सोन्याचा नसतोच. पाचव्या लेव्हलच्या गटासमोर दोन ओगर (धिप्पाड राक्षस) उभे आहेत असे समजू. त्यातल्या एकाच्या सोट्याच्या टप्प्यात उभ्या असलेल्या फायटरला (लढवय्या पात्राला) पोशन बाहेर काढायला मूव्ह ॲक्शन (पाळीतली हालचाल) आणि प्यायला स्टँडर्ड ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) लागते, म्हणजे त्याची संपूर्ण पाळी जाते. पिताना तो ओगरला एक फुकटचा वार देतो, आणि ओगरच्या स्वतःच्या पाळीत दुसरा. ओगरचा एक वार सरासरी १६ चा असतो. दोनांतला एक बसला तरी साडेअठरांपैकी जवळपास सगळे परत गेले आणि फायटरचा हल्ला बुडाला तो वेगळाच. मागे सरकून, कुणाच्या तरी आडोशाने, योग्य क्षणी पोशन पिणे हा डावपेच आहे, आणि तो आखायला गटाला थोडी बुद्धी खर्चावी लागते. तिथे ७५० नाण्यांचा आणखी एक दंड लावून आपण काय साधतो, हे मला समजलेले नाही. एक कबुली मात्र द्यायला हवी : २०२४ च्या नियमांत पोशन बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे मुख्य कृती न गमावता, पिता येते, त्यामुळे माझा हा मुद्दा तिथे बराच लंगडा पडतो. आपला गट त्या नियमांनी खेळत असेल तर माझे भाव जसेच्या तसे उचलू नयेत.

आपल्या याच आक्षेपात एक गोष्ट अशी आहे जिथे आपण बरोबर आहात आणि माझा लेख चुकला. वापरून संपणाऱ्या सर्वच वस्तू महाग आहेत, असे सरसकट विधान मी केले होते. वाँडच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. क्युअर लाइट वूंड्सचे वाँड ७५० नाण्यांना मिळते, म्हणजे अगदी सीरियसच्या एका पोशनाच्या भावात, आणि त्यातले पन्नास चार्ज मिळून सरासरी २७५ हिट पॉइंट देतात. एका पॉइंटला तीन नाणीसुद्धा पडत नाहीत. चौघांनी वर्गणी काढली की माणशी दोनशेच्या आत काम होते, आणि मग प्रत्येक चकमकीनंतर गट बसून सगळ्यांना ठणठणीत करून घेतो. जखमा दिवसभर अंगावर बाळगत, दम राखून पुढे जाण्याचा जो ताण या खेळाला हवा असतो, तो इथे विरून जातो. पाथफाइंडर या याच धर्तीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या २०१८ मधल्या चाचणी-नियमांत यावर उपाय म्हणून रेझोनन्स नावाची, दिवसात किती वेळा जादुई वस्तू वापरता येतील याची, मर्यादा आणली होती. ती खेळाडूंना रुचली नाही आणि २०१९ च्या अंतिम पुस्तकात उरली नाही, पण त्या आवृत्तीत वाँडच दिवसातून एकदा चालणारी वस्तू झाली. आपण म्हणता ती भीती वाँडच्या बाबतीत खरी आहे. आमच्या गटात मी आता बरे करणारी वाँड विकायला ठेवतच नाही.

तिसरा आक्षेप स्वभावाचा. याला मी आकड्यांनी नव्हे, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीने उत्तर देतो. आमच्या पुण्यातल्या टेबलावर एका खेळाडूकडे सीरियसचे एक पोशन होते, तिसऱ्या लेव्हलला एका थडग्यात सापडलेले. लेव्हल वाढली की तो पात्राचा कागद नव्याने लिहून काढायचा, आणि प्रत्येक नव्या कागदावर, उजव्या कोपऱ्यात, ती ओळ पुन्हा उतरवायची : ‘सीरियस १’. अकरा सेशनमध्ये बाणांचा आकडा खोडून खोडून कागद झिरझिरीत झाला होता, पण त्या ओळीला खोडरबर लागला नव्हता. अकराव्या सेशनला त्याचा रेंजर (रानातला शिकारी असलेले पात्र) ५ हिट पॉइंटवर उभा होता, ओगर अजून तीस फुटांवर होता आणि पाळी त्याची होती. फुकटचा वार न खाता पोशन प्यायला पुरेसे अंतर होते. त्याने बाण मारला. पुढच्या पाळीत ओगरचे दोन फासे सात आणि आठ पडले, त्यात सात मिळवले, आणि रेंजर उणे सतरावर गेला. या आवृत्तीत उणे दहाला मरण येते. नंतर मी त्याला विचारले की पोशन का प्यायला नाहीस, तर तो म्हणाला, “अरे, साडेसातशेचं होतं ते. एका ओगरवर कसं उडवणार?”

त्याचे चुकले कुठे, हे आपणच सांगा. त्या ७५० नाण्यांत अडीचशेची भर घातली की क्लोक ऑफ रेझिस्टन्स ही बचाव वाढवणारी जादुई शाल मिळते, जी कायमची असते. ज्या वस्तूची किंमत त्याच्या सर्व मालमत्तेच्या बाराव्या हिश्श्याएवढी आहे, ती एका किरकोळ चकमकीत ओतू नये, असे त्याला किंमतच सांगत होती, आणि तो ते प्रामाणिकपणे ऐकत होता. ताकद वाढवणाऱ्या बुल्स स्ट्रेंग्थ पोशनाचेही हेच आहे. ३०० नाण्यांत तीन मिनिटांपुरती ताकद ४ ने वाढते. ओगर पॉवरचे हातमोजे ४,००० ला मिळतात आणि ताकद कायमची २ ने वाढवतात, पण पुढे ते २,००० ला विकता येतात, म्हणजे खरा खर्च सात पोशनांहून कमी. आणि हातमोजे एकदा चढवले की ही दोन्ही वाढ एकत्र होत नाहीत, त्यामुळे त्याच ३०० च्या पोशनातून आता फक्त २ ची जादा भर पडते. विचारी खेळाडू हातमोजे घेतो आणि पोशन शहरात विकून टाकतो. याला स्वभावदोष म्हणणे मला मान्य नाही. नवे भाव लागू केल्यापासून याच खेळाडूच्या नव्या पात्राने, गेल्या नऊ सेशनमध्ये, मॉडरेटची पाच पोशने वापरली आहेत. तो माणूस बदललेला नाही.

पुरवठ्याबद्दल आपण अनुषंगाने लिहिले आहे, त्यावर इतकेच : भाव उतरवणे आणि दुकाने खुली सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमांतच खेड्यात २०० आणि छोट्या नगरात ८०० नाण्यांपर्यंतचीच वस्तू मिळते, अशी मर्यादा आहे. २०० चे पोशन आता खेड्यातही मिळू शकेल, हे खरे. म्हणून मी प्रत्येक देवळात आठवड्याला किती पोशने शिल्लक आहेत ते चार बाजूंच्या फाशाने ठरवतो, आणि खेड्यात मॉडरेटच्या वरचे ठेवत नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न : मग मेलेल्याला जिवंत करणारा रेझ डेडचा स्क्रोलही स्वस्त करणार का? नाही. त्याचे ६,१२५ नाणी मी तसेच ठेवले आहेत, ज्यात ५,००० चा हिरा आणि १,१२५ चा मंत्र आहे. तो वापरावा की न वापरावा, यावर माझ्या टेबलावर कुणी कधी अडखळलेले मी पाहिले नाही. सोबती मेला की लोक जे असेल ते विकून पैसे उभे करतात. त्या रेंजरसाठीही गटाने दोन जादुई ढाली आणि एक घोडा विकला, तरी साडेनऊशे कमी पडले, आणि पुढचे सेशन त्यांनी ते साडेनऊशे मिळवण्यात घालवले.