मावशींचा फॉर्म

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात झाडण्यापासून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहण्यापर्यंत सगळं करणाऱ्या मावशी आहेत. एजन्सीमार्फत, कंत्राटी. टेंडर संपलं, एजन्सी बदलली. नवीन एजन्सीचा पोरगा आज फॉर्म घेऊन आला. मावशींना लिहायचं जमत नाही म्हणून मी भरायला बसले. 'पूर्वानुभव' आला तसा तो म्हणतो, "तिथे निरंक लिहा मॅडम. सगळ्यांची नवीन जॉइनिंग आहे."

निरंक! मी नोकरीला लागले तेव्हा जुनी लेजरं (गुणांच्या नोंदवह्या) कुठल्या कपाटात असतात हे मला साहेबांनी नाही, मावशींनी दाखवलं होतं. मी 'याच विभागात, २००९ पासून' असं ठळक लिहिलं. पोराचं तोंड उतरलं. त्याची चूक नाही म्हणा, त्यालाही कुणीतरी सांगून पाठवलंय.

'निरंक'मागचं गणित साधं आहे. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं सलग सेवा लागते. एजन्सी बदलली की मोजणी पहिल्यापासून. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा क्रमांक, नोकरी बदलली तरी एकच राहायला हवा, मावशींच्या नावावर दोन निघाले, आणि एकात आडनाव माहेरचं! ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात गेल्या तर म्हणे हप्ताच भरलेला नाही. "ताई, पगारातनं तर कापत्यात की." यावर मी काय बोलू?

आता आपल्या कायम शिक्षकेतर मंडळींना दोन शब्द. २० फेब्रुवारी २०२३ पासून आपण बेमुदत संपावर होतो. आश्वासित प्रगती योजनेचे (बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी देणारी) रद्द केलेले शासन निर्णय पुन्हा लागू करा, १०-२०-३० वर्षांच्या सेवेनंतरचे लाभ द्या, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी द्या. सगळ्या मागण्या रास्तच, आजही आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनसाठीही घसा बसेपर्यंत ओरडलो. पण आपण गेटवर बसलो होतो तेव्हा आत कुलूप कोण उघडत होतं? मावशीच. त्यांचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, वर कामावरून काढतील ही धास्ती. आपल्या घोषणांत त्यांच्यासाठी एक तरी ओळ होती का?

विद्यापीठाकडे पैसा नाही, पदभरतीला शासनाची मान्यता लागते, हे मला पाठ आहे. खिडकीवर 'उद्या या' म्हणून चहाला जाणारे आमच्यात आहेत, हेही कबूल. पण निकाल लटकला की "विद्यापीठात नुसते फुकटे बसलेत" लिहिणाऱ्यांनो, निवृत्त झालेल्याची खुर्ची तशीच रिकामी राहते आणि त्याचं टेबल शेजारच्याच्या गळ्यात पडतं. मागे एका मुलाला जुन्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत तातडीने हवी होती. संगणकात नोंद नाही. मावशी शिडीवर चढल्या आणि लेजर काढून दिलं. धुळीने दिवसभर खोकत होत्या. तो मुलगा जाताना मला 'थँक्यू मॅडम' म्हणाला, त्यांना नाही. मावशींना त्याचं काहीच वाटलं नाही, मला मात्र अजून टोचतं.

असो. राग उतरला थोडा.

कायद्याने कंत्राटदाराने पगार थकवला तर मूळ मालकाला, म्हणजे इथे विद्यापीठाला, द्यावा लागतो, एवढं मला माहीत आहे. पीएफमधलं फारसं कळत नाही. दोन यूएएन एक करायचेत, जुनी एजन्सी फोन उचलत नाही, आधारवर सासरचं आडनाव आहे. माझ्या मित्रयादीत पीएफ कार्यालयातलं कुणी असेल तर इनबॉक्सात या. मावशींना घेऊन शनिवारी येऊ शकते, त्यांची सुट्टी मागून घेईन.