मावशीला आलेला नाटोचा मेसेज

मावशीचा फोन आला रात्री साडेअकराला. तिचा मुलगा टँकरवर थर्ड ऑफिसर, परवाच सुएझ ओलांडून एडनकडे निघालेला. "त्याला पुढच्या बंदरात उतरायला सांगू का रे?" कारण सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: नाटोचा, म्हणजे अमेरिका-युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीचा, कायमचा आरमारी ताफा अरबी समुद्रात उतरलाय, तो वाटेल ते जहाज पकडू शकतो, त्याच्या एका बोटीवर हल्ला झाला की 32 देश आपोआप युद्धात, आणि ताफ्याचा प्रमुख कायम अमेरिकन. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'.

आधी ते 'आपोआप युद्ध', कारण मावशीची झोप त्यानेच उडवली. नाटोचा 1949 चा मूळ करार 14 कलमांचा आहे, चहा निवेपर्यंत वाचून होतो. पाचवं कलम सांगतं, एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा. पण पुढे प्रत्येक देशाने 'आपल्याला आवश्यक वाटेल ती' कृती करायची आहे. आणि सहाव्या कलमापर्यंत तर मेसेजवाले पोचतच नाहीत. जहाजांसाठी ही हमी भूमध्य समुद्रात आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या अटलांटिकमध्ये. अरबी समुद्र त्यात बसतच नाही. 1982 मध्ये फॉकलंडच्या लढाईत ब्रिटनची 'शेफील्ड' ही विनाशिका अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्राने पेटली, 20 माणसं गेली, जहाज बुडालं. ब्रिटन नाटोचा संस्थापक सदस्य, पण जागा दक्षिण अटलांटिक. पाचवं कलम लागलं नाही. ते आजवर एकदाच लागलंय, 11 सप्टेंबर 2001 नंतर. तेव्हाही नाटोच्या भूमध्यातल्या ताफ्याच्या वाट्याला आली ती गस्त.

मेसेजसोबतचा फोटो मोठा करून बघितला. जहाजाच्या अंगावर 'एफ 802'. म्हणजे 'डे झेव्हन प्रोव्हिन्सिएन', नेदरलँड्सचं फ्रिगेट. नाटोच्या मालकीची अशी एकही युद्धनौका नाही. 1968 मध्ये पहिला ताफा उभा राहिला तेव्हापासून सदस्य देश आपापली जहाजं काही महिन्यांपुरती देतात, मग ती परत जातात, दुसरी येतात. एसटीसारखं, रूट तोच, गाडी वेगळी.

पकडापकडीचं म्हणाल तर याच जहाजाची गोष्ट आहे. एप्रिल 2009, एडनचं आखात. याच्यावरच्या कमांडोंनी समुद्री चाच्यांच्या ताब्यातले 20 येमेनी मच्छीमार सोडवले आणि सात चाचे हाताला लागले. हत्यारं काढून घेतली आणि चाच्यांना दिलं सोडून! जहाज नाटोच्या हुकमतीखाली होतं आणि नाटोकडे अटकेची तरतूदच नव्हती. चाचे ठेवून घेता येईनात, ते म्हणे वाटेल ते जहाज पकडणार.

'कायम अमेरिकन' प्रमुखाचं एका ओळीत: सूत्रं देशादेशांत फिरतात, आणि त्या वेळी ती पोर्तुगीज अधिकाऱ्याकडे होती.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. हे ताफे आपल्या बाजूला कधी फिरकलेच नाहीत असं नाही. 2008 च्या ऑक्टोबरात त्यातला एक सोमालियाला धान्य नेणाऱ्या जहाजांच्या सोबतीला आला, पुढच्या एप्रिलात दुसरा कराचीला जाऊन आला. पण चाच्यांविरुद्धची नाटोची मोहीम डिसेंबर 2016 मध्ये गुंडाळली गेली. आणि एडनच्या आखातात आपलं नौदलही 2008 पासूनच गस्त घालतंय, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. मग जरा थांबून, "एडनच्या पुढे त्याला रेंज कधी मिळेल रे?"