मॅरेथॉन म्हणजे तीन वेळा स्टँडर्ड नव्हे

सिव्हिलायझेशन हा संगणकावर पाळीपाळीने खेळायचा, साम्राज्य उभारण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये एक मजकूर सध्या खूप फिरतोय. माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरला आला, तेव्हा लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरी त्याने तो मला मोबाइलवरून वाचून दाखवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: स्पीड, म्हणजे खेळ किती टर्नचा (पाळ्यांचा) ती सेटिंग, बदलला तरी खेळ बदलत नाही, फक्त वेळ बदलतो. सगळ्या किमती एकाच पटीत वाढतात, म्हणून प्रमाण तेच राहतं. बुद्धिबळ दहा मिनिटांचं असो की दोन तासांचं, शेवटी बुद्धिबळच. मॅरेथॉन या सगळ्यांत संथ स्पीडला स्टँडर्ड या मधल्या स्पीडच्या तिप्पट वेळ लागतो आणि तोच सगळ्यांत कठीण. आणि बनवणाऱ्यांनी ठरवलेला खरा खेळ म्हणाल तर तो स्टँडर्डच.

भाचा चौदा वर्षांचा आहे आणि हे वाचून त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं की स्पीडकडे बघायचंच नाही. मी चौथ्या भागापासून, म्हणजे २००५ पासून, हा खेळ खेळतेय. मला हा मजकूर मनापासून चुकीचा वाटतो, आणि नव्या मुलांचा खेळ त्याने बिघडतो असंही वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

सुरुवात त्या ‘एकाच पटी’पासून, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सहाव्या भागात स्टँडर्ड ५०० टर्नचा. ऑनलाइन २५०, क्विक ३३०, एपिक ७५० आणि मॅरेथॉन १५००. किमतीही त्याच बेताने: स्टँडर्डला योद्धा ४० प्रॉडक्शनला (शहराच्या उत्पादनाच्या गुणांना) पडतो, ऑनलाइनला २० ला आणि मॅरेथॉनला १२० ला. टेक (तंत्रज्ञानाचे शोध), इमारती, सेटलर (नवं शहर वसवणारे), सगळ्यांचं तसंच. इथपर्यंत मजकूर खरा आहे.

पण योद्ध्याची चाल? ती प्रत्येक स्पीडला दोन टाइलचीच (नकाशावरच्या घरांचीच). टेकडी किंवा जंगल आलं की एका टर्नला एकच. युनिटचा (सैन्याच्या तुकडीचा) जीव १०० गुणांचा, तो तसाच. जखमी युनिट शत्रूच्या हद्दीत थांबलं की टर्नला ५ गुण भरतात, स्वतःच्या शहरात २०, हेही तसंच. धनुर्धराचा पल्ला, एका हल्ल्यात होणारं नुकसान, यातल्या कशालाच दोनाने किंवा तीनाने गुणलेलं नाही. म्हणजे खेळाचा एक अर्धा भाग ताणला जातो आणि दुसरा अर्धा होता तिथेच राहतो. स्पीडचा सगळा परिणाम या दोन भागांच्या नात्यात आहे.

ज्या दिवशी मजकूर वाचला त्याच दिवशी आम्ही एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायला बसलो होतो. स्पीड ऑनलाइन, कारण जेवायच्या आत संपवायचं होतं. भाच्याने चार तलवारधारी आणि दोन कॅटपल्ट (दगड फेकणारी यंत्रं) जमवले आणि माझ्या शहराकडे निघाला. अंतर १४ टाइलचं, त्यातल्या निम्म्या टेकड्या आणि जंगल. त्याला पोचायला ११ टर्न लागल्या. एवढ्यात माझे दोन टेक पूर्ण झाले, त्यातला एक मशिनरी, क्रॉसबोवाले देणारा. मी सोनं मोजून धनुर्धरांचे क्रॉसबोवाले करून घेतले. तो निघाला तेव्हा त्याचा बेत अगदी बरोबर होता, पोचला तेव्हा तो जुना झाला होता. पहिल्या मारानंतर निम्म्यावर आलेला तलवारधारी त्याने मागे घेतला आणि तो भरून यायची वाट बघत बसला. ५० गुण भरायला, टर्नला ५ च्या हिशेबाने, १० टर्न. ऑनलाइनमध्ये १० टर्न म्हणजे अख्ख्या खेळाचा पंचविसावा भाग! तोवर मी तटबंदी उभी केली.

दुसऱ्या दिवशी तोच मॅप सीड (तोच नकाशा पुन्हा देणारा आकडा) टाकून मॅरेथॉन लावला. त्या युद्धापर्यंत पोचायला सहा संध्याकाळी लागल्या. वाट तीच, टेकड्या त्याच, त्याच ११ टर्न, पण या खेपेला माझा एक टेकही पुरा झाला नाही. त्याचे तलवारधारी माझ्या धनुर्धरांसमोर येऊन ठाकले, जखमी झाले, मागे जाऊन भरून आले, पुन्हा आले. त्याने शहर घेतलं. खेळाडू तेच, मॅप तोच, बेतही जवळपास तोच. निकाल उलटा.

आता बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं याचा पुरावा चौथ्या भागात आहे. त्याच्या मॅरेथॉनमध्ये संशोधन तिप्पट, इमारती तिप्पट, पण युनिट मात्र दुप्पट किमतीलाच. म्हणजे जिथे ‘सगळं एकाच पटीत’ हा नियम पाळता आला असता, तिथे त्यांनी तो जाणूनबुजून मोडला. त्या भागात मॅरेथॉन लढाऊ खेळाडूंना इतका मानवायचा तो यामुळे. सहाव्यात युनिटही तिप्पट झाली, म्हणून चौथ्यातली सवय सहाव्यात जशीच्या तशी चालत नाही. मरू दिलेलं युनिट आता महागात पडतं.

ग्वाल्हेरात तबला कानावर पडत मोठं झालेल्याला हे नवं वाटू नये. इथल्या गायकीच्या घराण्यात विलंबित (संथ) ख्याल परंपरेने तिलवाडा तालात गातात आणि द्रुत (जलद) तीनतालात. मात्रा दोन्हीकडे सोळाच. मग विलंबितात तीनतालच सावकाश का वाजवत नाहीत? कारण लय एवढी खाली आली की दोन मात्रांमधल्या जागेला काहीतरी लागतं, आणि तिलवाड्यातलं ‘तिरकिट’ ती जागा भरतं. ठेकाच बदलतो. मॅरेथॉनमध्ये दोन टेकच्या मधली जी जागा मोकळी होते, ती सैन्य भरतं. क्विकमध्ये ती जागाच नसते, म्हणून तिथे शहरं, इमारती आणि जागेची निवड यांवर खेळ ठरतो.

बुद्धिबळाच्या दाखल्याबद्दल. घड्याळ विचाराचा वेळ कमी-जास्त करतं, प्याद्याची चाल नाही. सिव्हिलायझेशनमध्ये घड्याळाच्या जागी टर्नला वेळेची मर्यादा घालणारा टर्न टायमर आहे, ती सेटिंग वेगळी. लढाई आणि हालचाल झटपट दाखवणाऱ्या सेटिंगही वेगळ्या, त्यांचा फक्त डोळ्यांशी संबंध. या तीन गोष्टी आणि गेम स्पीड यांची गल्लत सर्रास होते, आणि मजकुरातही तीच झालीय. गेम स्पीडसारखं बुद्धिबळात काही करायचं तर पट लांब करावा लागेल: प्याद्याला वजीर व्हायला सहाऐवजी अठरा घरं चालावी लागतील आणि घोडा मात्र अडीच घरंच उडेल. त्या पटावरची पुस्तकी ओपनिंग कुणी वापरेल का?

‘तिप्पट वेळ’ हेही खरं नाही. टर्न तिप्पट होतात, निर्णय होत नाहीत. कुठली इमारत, कुठला टेक, कुठलं धोरण, हे प्रश्न खेळभरात जवळपास तेवढेच येतात. मॅरेथॉनच्या पहिल्या शंभर टर्नपैकी बऱ्याच मी नुसत्या ‘पुढची टर्न’ दाबत काढलेल्या आहेत. वाढतं ते युनिट हलवणं. शांततेत खेळणाऱ्याला म्हणून मॅरेथॉन रिकामा वाटतो आणि लढणाऱ्याला भरगच्च. दोघंही खरंच सांगत असतात.

आणि तो ‘सगळ्यांत कठीण’? सुरुवातीला आहे, हे मान्य. नव्या शहराचं प्रॉडक्शन ५ धरलं तर एक योद्धा स्टँडर्डला ८ टर्नमध्ये येतो, मॅरेथॉनला २४ मध्ये. दहा टाइलवरचा शेजारी मात्र मोकळ्या मैदानातून ५ टर्नमध्येच दारात उभा राहतो. वरच्या पातळ्यांवर एआयला (संगणक चालवतो त्या प्रतिस्पर्ध्याला) सुरुवातीलाच जादा योद्धे मिळतात, त्यामुळे ही पहिली काही टर्न खरोखर जीव टांगणीला लावतात. मॅरेथॉन लावलात तर पहिला योद्धा फार लांब पाठवू नका, हे मी भाच्याला बजावून सांगितलं. पण ती वेळ निभावली की पारडं फिरतं. एआयची ताकद त्याच्या जादा प्रॉडक्शनमध्ये आणि जादा संशोधनात असते. सैन्य हलवण्यात तो कच्चा आहे. एका युगात लढाईच्या टर्न जितक्या जास्त, तितक्या वेळा त्याला चकवायची संधी माणसाला मिळते. ऑनलाइनवर त्याच एआयला हरवणं मला कितीतरी जड जातं, कारण त्याच्या चुका पकडेपर्यंत युग बदललेलं असतं.

राहिला स्टँडर्ड. किमतीचे मूळ आकडे स्टँडर्डचे आहेत, बाकीचे स्पीड त्यावरून काढलेत. त्या अर्थाने तो पाया आहे. पण ‘खरा खेळ’ एकच असता तर मॅपचे आकार सहा कशाला ठेवले असते? सगळ्यांत लहान, डुएल, ४४ बाय २६ टाइलचा. सगळ्यांत मोठा, ह्यूज, १०६ बाय ६६ चा. स्पीड स्टँडर्डच ठेवून या दोन मॅपवर खेळून बघा. मोठ्यावर शेजारी दूर असेल तर सैन्य वाटेतच म्हातारं होतं, लहानावर आज केलेला तलवारधारी उद्या तटाखाली असतो. सेटिंगमध्ये शब्द एकच दिसतो आणि गती दोन निघतात. म्हणून स्पीड निवडताना मी आधी मॅप बघते, मग किती लढायचंय ते, आणि हातात किती वेळ आहे ते सगळ्यांत शेवटी.

भाच्याने परत जायच्या आदल्या रात्री हे स्वतः करून पाहिलं. पुन्हा ऑनलाइन लावला, पण मॅप डुएल घेतला. या वेळी माझं शहर त्याच्यापासून सहा टाइलवर होतं. मी मशिनरीकडे निघाले होते, दोन टेक बाकी होते. त्याचे तलवारधारी चौथ्या टर्नला पोचले.